बोटातला एक थेंब आणि माझे २०,०४४ रुपये

लिहू की नको असं करत दोन आठवडे घालवले. बायको म्हणाली, लिहू नका, लोक हसतील. हसू देत. परवा कळलं की बोट टोचून इम्युनिटी टेस्ट करतो म्हणून आम्हाला फसवून गेलेले दोघं आता शेजारच्या मये गावाकडे फिरतायत, म्हणून लिहितोय.

चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आधीचा रविवार. गोव्यात डिचोलीला आमच्या वाड्यावर देवळाच्या सभामंडपात बॅनर लागला, "एका थेंबात संपूर्ण इम्युनिटी". एक मुलगा, एक मुलगी, पांढरे कोट, गळ्यात आयकार्ड, सोबत निळा आइसबॉक्स. आमच्या आईला जुलैत डेंग्यू झालेला, प्लेटलेट २८ हजारांवर आलेल्या, आठ दिवस अ‍ॅडमिट, त्यामुळे घरात सगळे आधीच धास्तावलेले, आणि हे नेमके आमच्या दारात येऊन विचारतात, "काकींना बरं आहे ना आता?" आज वाटतं कुणीतरी यादीच दिली असणार. तेव्हा वाटलं, बघा किती आपुलकी. माणशी १,२९९, आम्ही पाच जण, म्हणजे ६,४९५. जीपेवर दिले.

आता कुणी म्हणेल शिकलेला माणूस असून फसलास. अहो पण बोटातून रक्त घेऊन अँटीबॉडी (रोगाशी लढायला शरीर बनवतं ती प्रथिनं) बघतात हे खोटं नाहीच आहे! २०२० मध्ये इंग्लंडात इम्पीरियल कॉलेजने लाखाच्या वर लोकांना घरी किट पाठवून बोट टोचून हेच करून घेतलं होतं. त्या मुलाने मोबाइलवर तीच बातमी दाखवली, मी ती आधी वाचलेली, म्हणून तर मान डोलावली. आणि फसायचंच म्हणाल तर अमेरिकेत थेरानोस या रक्ततपासणी कंपनीच्या एलिझाबेथ होम्सने थेंबभर रक्ताच्याच नावावर कुणाकुणाला टोप्या घातल्या, तिच्या संचालक मंडळावर माजी परराष्ट्रमंत्री हेन्री किसिंजर बसलेला, मग मी तर साधा कारकून. (२०२२ मध्ये तिला अकरा वर्षांची शिक्षा झाली. आमचे दोघे अजून स्कूटरवर मोकळे फिरतायत.)

पण एक गोष्ट मला झोपू देत नाही. त्या मुलीने बाबांचं बोट टोचलं, लिंबू पिळावं तसं पिळलं, थेंब एका जाड कागदाच्या कार्डावर टेकवला आणि कार्ड तसंच ओलं, लालभडक, प्लास्टिकच्या पिशवीत घालून झिप बंद केली. मी समोर उभा होतो. मला माहीत होतं हो! नऊ वर्षांपूर्वी मुलगी जन्मली तेव्हा तिच्या टाचेतून असंच रक्त घेऊन कार्डावर गोल गोल ठिपके पाडले होते, आणि मी हात लावायला गेलो तर सिस्टर ओरडली होती, "हात लावू नका, तीन-चार तास तसंच सुकू दे, ओलं बंद केलं तर फुकट जातं." ते कार्ड सुकवून मग ओलावा शोषणाऱ्या पुडीसकट पाकिटात घातलं होतं. आणि इथे पावसाळ्यातली आपली गोव्याची हवा, जिथे पापड दोन तासांत लोळतो, तिथे ओलं कार्ड पिशवीत आणि पिशवी स्कूटरच्या डिकीत. आइसबॉक्स नुसता शोभेला. कार्डावर नाव नाही, वय नाही, तारीख नाही. माझ्या तोंडापर्यंत आलं, "अगो बाय, सुकवत नाहीस?" पण बाजूला शेजारी रांगेत उभे, म्हटलं उगाच शहाणपणा कशाला दाखवा. गप्प बसलो. ते गप्प बसणं मला महागात पडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला व्हॉट्सअ‍ॅपवर रिपोर्ट. कोविड २१२.४, पुढे एकक काही नाही. डेंग्यू इम्युनिटी २१ टक्के, हिपॅटायटिस बी ४० टक्के, सगळं लाल अक्षरात. पाठोपाठ फोन, "सर, आईंचं रेड झोनमध्ये आहे, दुसऱ्यांदा डेंग्यू झाला तर जड जाईल." दुसरा डेंग्यू जड जाऊ शकतो हे खरंच आहे, म्हणूनच तर माझी छाती धडधडली. तीन बाटल्या इम्युनिटी ड्रॉप्स, २,८५० ची एक, म्हणजे ८,५५०, आणि वर्षभर दर तीन महिन्यांनी घरी येऊन बोट टोचून "मॉनिटरिंग" करायचे ४,९९९ अ‍ॅडव्हान्स. टेस्टचे धरून एकूण २०,०४४. चवथीचा सगळा बाजार त्यात झाला असता, गणपतीवर टांगायच्या माटोळीसकट.

चवथ झाली, आईला फॉलोअपला नेलं तेव्हा डॉक्टरांनी कागद बघितला आणि आधी हसले, मग भडकले. म्हणाले, हिपॅटायटिस बीची अँटीबॉडी टक्क्यांत सांगतच नाहीत, ती मिली इंटरनॅशनल युनिटमध्ये असते, लस घेतलेल्याची १० किंवा वर आली की पुरे. डेंग्यूची आयजीजी अँटीबॉडी फक्त एवढंच सांगते की हा पूर्वी होऊन गेलाय. डेंग्यूच्या विषाणूचे प्रकार चार, एकाची ढाल दुसऱ्याला नीट चालत नाही, मग २१ टक्के कशाचे? कोविडच्या खाली "लसीची अँटीबॉडी (एन)" असं छापलेलं, आणि आम्ही मोठी माणसं सगळी कोविशील्डवाली. त्या लसीने एस म्हणजे विषाणूवरच्या स्पाइक काट्यांची अँटीबॉडी बनते, एन म्हणजे विषाणूच्या आतल्या प्रथिनाची तिच्यातून येत नाही, ती खुद्द कोविड झाला तर येते. आणि आकडा चांगला आला तरी यापुढे लागण होणार नाही असं त्यावरून कुणालाच सांगता येत नाही, अमेरिकेच्या औषध नियामक एफडीएने २०२१ मध्येच सांगितलंय की लसीनंतर इम्युनिटी जोखायला या टेस्ट वापरू नका. घरी येऊन पाचही पीडीएफ शेजारी ठेवले. बाबांचा आणि बायकोचा कोविडचा आकडा तोच, २१२.४. पॉइंटसकट! माझ्या डोळ्यांवर काय झापड होती कुणास ठाऊक.

पुढचं ऐकून तर घाम फुटला. डॉक्टरांनी विचारलं, टोचणी प्रत्येकाला नवीन होती का? सुई बदलली होती, पण सुई ज्यात बसवतात ते पेन सगळ्यांना एकच, आणि त्या एका पेनामुळेही हिपॅटायटिस बी पसरू शकतो म्हणे. आता पाच जणांच्या रक्ततपासण्या, २,२५०, आणि काही महिन्यांनी परत. तेव्हा कुणी दारात आलं तर आधी पेन बघा, एकदा वापरून फेकायचं लॅन्सेट (टोचणी) नसेल तर बोट पुढे करू नका.

मग सरकारी फेऱ्या. पोलीस स्टेशनवर साहेब म्हणतात, "तुमींच दिल्यात मरे पयशे?" जीपेवर दिलेत, मग सायबरकडे जा. सायबरवाले म्हणतात, ओटीपी दिला नाही, लिंक दाबली नाही, माणूस समोर येऊन फसवून गेला ना, मग हे लोकल स्टेशनचं. आरोग्य केंद्रात, "कँप आमचा नव्हता." अहो नव्हता हेच तर सांगतोय! औषधांच्या खात्यात म्हणे ड्रॉप्सवर खाद्यपदार्थाचा लायसन्स नंबर आहे म्हणजे हे औषध नव्हे, दुसऱ्या खिडकीवर जा, आणि दुसऱ्या खिडकीवरचे साहेब चवथीच्या रजेवर, चवथ होऊन आठ दिवस झालेले. तीन अर्ध्या रजा गेल्या. बाटलीवरचा तो नंबर मी तिथेच बाकावर बसून मोजला, एफएसएसएआयचा नंबर १४ आकडी असतो, ह्यावर १३. खिडकीतल्या बाईंना दाखवलं तर म्हणाल्या, प्रिंटिंग मिस्टेक असेल.

पैसे गेले असतील तर त्याच तासात सायबर फसवणुकीच्या १९३० हेल्पलाइनला फोन करा, माझ्यासारखे सोळा दिवस थांबू नका, तोवर खातं रिकामं होतं. रिपोर्टवर लॅबचं नाव, पत्ता, पॅथॉलॉजिस्टची सही बघा, लॅबना मान्यता देणाऱ्या एनएबीएलचा लोगो छापलेला असला तर नंबर त्यांच्या वेबसाइटवर टाकून बघा, आमच्या रिपोर्टवरचा नंबर तिथे सापडलाच नाही. देवळाचा मंडप मिळाला म्हणजे माणूस खरा असं समजू नका, कमिटीनेही पावती फाडून भाडं घेतलं तेवढंच.

एक बाटली मी फोडली नाही, पुरावा म्हणून. ती पोलिसांना नको, खात्याला नको, फ्रिजच्या दारात कोकमाच्या आगळाशेजारी पडून आहे. डिचोली, साखळी, मये भागात अजून कुणाला हेच ड्रॉप्स विकले असतील तर फेकू नका, मला मेसेज करा, चार बाटल्या घेऊन चौघं गेलो तर निदान खुर्चीवर बसायला तरी सांगतील.