बाजू मलायू घेताना आधी काख बघा

क्वालालंपूरच्या जालान तुआंकू अब्दुल रहमान रस्त्यावर हरी राया (तिथली ईद) जवळ आला की बाजू मलायूचे, म्हणजे मलाय पुरुषांच्या पारंपरिक पोशाखाचे, ढीग लागतात. सदरा आणि त्याच कापडाची विजार, पारदर्शक पिशवीत घडी घालून. हाफिसातल्या रायाच्या जेवणाला किंवा मलाय मित्राच्या लग्नाला जाणारा मराठी माणूस बहुधा यातलाच मधल्या किमतीचा तयार संच उचलतो. पैशाच्या मानाने संच वाईट नसतो, पण निवड चुकीच्या जागेवरून होते. लोक रंग आणि गळा बघतात. खरी गंमत काखेत असते.

(शब्दाची गंमत अशी की आपली 'बाजू', आपला 'बाजूबंद' आणि मलायचा 'बाजू' म्हणजे सदरा, या सगळ्यांचं मूळ फारसीत, दंडाशी जोडलेलं मानतात.)

पारंपरिक बेतात गोल मुंढा (बाही जोडायची गोलाई) नसतोच. अंगाचा तुकडा सरळ, बाही सरळ, दोन्ही बगलांना खाली रुंद होत जाणारी कळी. तिला पेसाक म्हणतात. बाही आणि पेसाक जिथे भेटतात तिथे चारेक इंचाचा चौकोनी तुकडा तिरपा बसवतात, तो केकेक. जुन्या कळीदार झब्ब्यालाही काखेत असाच तुकडा असे, त्यामुळे जुन्या शिंप्याला हे नवीन नाही. हात वर केला की चौकोन उघडतो आणि सदरा जागचा हलत नाही. 'स्लिम फिट' म्हणून विकल्या जाणाऱ्या बऱ्याच संचांत केकेक काढून टाकून साध्या शर्टासारखा गोल मुंढा दिलेला असतो. आरशात तो छान दिसतो, पण ताटाकडे हात गेला की अख्खा सदरा वर चढतो आणि वरून कमरेला गुंडाळलेलं कापड, म्हणजे साम्पिन, सोबत ओढतो. तीन तासांच्या लग्नात हे दहा वेळा सावरावं लागतं.

म्हणून घालून बघताना दोन्ही हात सरळ वर करा. खालची कड बोटभर उचलली तर चालेल, चार बोटं उचलली तर परत ठेवा. केकेक असेल तर सदरा उलटा करून चौकोनाचे कोपरे बघा. शिलाई कोपऱ्यापाशी नेमकी थांबून वळलेली हवी. घाईत शिवलेल्या मालात ती कोपरा ओलांडून शिलाईच्या मायेत घुसते, तिथे चुणी पडते, आणि सदरा फाटला तर तिथूनच फाटतो.

गळ्याचे प्रकार दोन. चकाक मुसांगला उभी कॉलर आणि पाच बटणं. ही पाच म्हणजे इस्लामचे पाच स्तंभ असं सांगतात. जोहोर राज्याकडच्या तेलुक बेलांगाला कॉलर नाही, गोल गळा आणि एकच बटण. त्याच्या गळ्याच्या कडेला हाताने घातलेला दाट टाका असतो, नाव 'तुलांग बेलुत', म्हणजे वाम माशाचं हाड. तयार मालात तो मशीनचा असतो आणि लगेच कळतो. चकाक मुसांगची बटणं शिवलेली नसतात. दोन्ही पट्ट्यांच्या काजांतून आरपार घालायची असतात आणि बहुतेक वेळा वेगळी विकत घ्यावी लागतात. पिशवीत ती आहेत का हे दुकानातच विचारा. धुण्याआधी काढून ठेवायला विसरू नका.

आता साम्पिन. सदऱ्यावर कमरेला गुंडाळायचं हे कापड. इथे मराठी डोळा फसतो, कारण आपल्याला पैठणी उलटून बघायची सवय. हातमागाच्या पैठणीचा पदर दोन्हीकडून सारखा दिसतो, तीच तिची खूण. सोंगकेटला, म्हणजे साम्पिनच्या जरीच्या मलाय कापडाला, ती कसोटी लावू नका. त्यात जरीचा धागा हा जादा बाणा (आडवा धागा) असतो. विणकर ताण्याचे (उभे) तीन किंवा पाच धागे उचलून जरीचा धागा त्याखालून नेते, म्हणून पुढे जिथे नक्षी नाही तिथे मागे तो तरंगतो. उलटी बाजू वेगळी दिसणारच. बघायची ती किनार. हातमागावर बाणा कडेला पोचून परत वळतो, यंत्राच्या कापडात बहुधा कडेला कापलेले धागे दिसतात. नक्षीतली बारीक चूक हातमागाच्या बाजूने साक्ष देते.

शंभर रिंगिटच्या आतलं साम्पिन यंत्राचंच असतं आणि त्यात कमीपणा काही नाही. हातमागाच्या एका साम्पिनला आठवडे लागतात, नक्षी दाट असेल तर महिने. खरं हवं असेल तर तेरेंगानू किंवा केलांतान राज्यात जाऊन घ्यावं. सोंगकेट 2021 मध्ये युनेस्कोच्या यादीत आलं, पण तेवढ्यावरून कुणी 'युनेस्कोवालं' म्हणून चौपट किंमत सांगितली तर किनार दाखवायला सांगा.

बांधायचं असं: साम्पिनच्या शिवलेल्या नळीत दोन्ही पाय घाला, कापड एका बगलेला ताणून धरा, उरलेलं पुढून दुमडून दुसऱ्या बगलेला न्या, मग वरची कड बाहेरच्या बाजूने दोन-तीन वळसे गुंडाळा. नळीचा घेर 2 मीटर आणि कंबर 36 इंच धरली तर दुमडायला साधारण 54 सेंटिमीटरची दुहेरी घडी मिळते. कंबर 44 झाली की ती 44 सेंटिमीटरवर येते आणि चालताना सुटायला लागते. पॉलिएस्टरचं साम्पिन तर घसरतंच. आतून पातळ पट्टा बांधा आणि वळसे त्यावर घ्या. लांबीबद्दल जुना संकेत असा की अविवाहिताचं गुडघ्याच्या वर, विवाहिताचं गुडघ्याखाली. आज फारसं कुणी मोजत नाही. तेलुक बेलांगा असेल तर मात्र साम्पिन सदऱ्याच्या आतून जातं. बाहेरून बांधलं की जाणकार हसतात.

कापड शक्यतो मिश्र सुताचं घ्या. चकचकीत सॅटिन फोटोत खुलतं, तिथल्या दमट हवेत पाठीला चिकटतं आणि घामाचा डाग दाखवतं. दरबारी समारंभ असेल तर पिवळा रंग नको, तो राजघराण्याचा.

हातमागाचं साम्पिन पाण्यात घालू नये, त्यावर अत्तर फवारू नये. घडी करून ठेवलं तर घडीच्या रेषेवर जरीचे धागे तुटतात, म्हणून मलमलीत गुंडाळी करून ठेवतात. यंत्राच्या साम्पिनला उलट्या बाजूने कोमट इस्त्री चालते.

एकूण मत: केकेक असलेला मिश्र सुताचा संच आणि यंत्राचं साम्पिन, पाचपैकी चार. केकेक नसलेल्याला दोन, तेही रंग आवडला तर. कंबर चाळीस इंचांच्या पुढे असेल तर तयार नळी घेऊच नका. न शिवलेलं साम्पिन घ्या आणि मापाने जोडून घ्या, शिलाई एकच सरळ रेघ आहे.