पीसी चालूच होईना: एसएमपीएस बदलायचा, बोर्ड रिपेअर करायचा का सरळ नवीन घ्यायचा?

रात्री नीट बंद केलेला डेस्कटॉप सकाळी बटण दाबलं तर हूं की चूं करत नाही, फॅन नाही, लाईट नाही, आणि दुकानात फोन केला की न बघताच उत्तर येतं, मदरबोर्ड गेला असेल, घेऊन या. सांगली-मिरजेकडं वळवाच्या पावसात लाईट सारखी जाऊन-येऊन करते तेव्हा तर हे हमखास. माझं मत आधीच सांगतो, एसएमपीएस, म्हणजे कॅबिनेटमधला पीसीला वीज पुरवणारा डबा, तो तपासल्याशिवाय बोर्डावर एक रुपया घालू नका. पहिला संशय त्याच्यावरच घ्यायचा, कारण लाईटचा सगळा मार तोच खातो आणि बदलायला पण तोच सगळ्यात सोपा.

त्याच्याही आधी यूपीएस बाजूला करून भिंतीच्या सॉकेटला थेट लावून बघा, मॉनिटरची पॉवर केबल पीसीला लावून बघा, एसएमपीएसच्या मागचं छोटं स्विच बघा. मग केबल काढून पॉवर बटण अर्धा मिनिट दाबून धरा आणि परत लावा, एवढ्यानं पण काही पीसी चालू होतात. फॅन फिरतोय पण डिस्प्ले नाही, तर तो विषय वेगळा, तिथं आधी रॅम काढून खोडरबरनं पुसून बसवायची. आणि फॅन अर्धा गरका मारून थांबत असेल तर कुठंतरी शॉर्ट असू शकतो, ग्राफिक कार्ड, हार्डडिस्क, समोरचे यूएसबी एकेक काढत बघायचं (प्रत्येक वेळी केबल काढूनच).

आता घरी तपासायचं का दुकानात. बोर्डवरची छोटी एलईडी लागलेली असेल तर स्टँडबायचे, म्हणजे पीसी बंद असताना पण बोर्डला मिळणारे, 5 व्होल्ट येतायत, मग कॅबिनेटचं बटणच खराब असू शकतं, बोर्डवरच्या पॉवर स्विचच्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हरचं टोक क्षणभर टेकवा, चालू झाला तर खर्च फक्त बटणाचा. एलईडी पण नाही, तर केबल काढा, एसएमपीएसचे सगळे कनेक्टर बोर्डवरनं काढा, 24 पिनाच्या कनेक्टरमधली हिरवी वायर आणि शेजारची काळी क्लिपनं जोडा आणि मग लाईट द्या. फॅन फिरला नाही तर बहुतेक एसएमपीएसच गेला असं समजायला हरकत नाही. फिरला म्हणजे चांगलाच आहे असं मात्र नाही, मल्टिमीटर असेल तर पिवळ्या वायरवर 11.4 ते 12.6 आणि लालवर 4.75 ते 5.25 व्होल्ट यायला पाहिजेत. एसएमपीएसचा डबा मात्र खोलू नका, आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये 300 च्या वर व्होल्ट असतात आणि केबल काढल्यावर पण काही वेळ राहतात. हे सगळं करायची भीती वाटत असेल तर दुकानातच जा, फक्त एकच सांगा, आधी दुसरा चांगला एसएमपीएस माझ्या समोर लावून दाखवा. प्रामाणिक माणूस दोन मिनिटांत दाखवतो.

डेल, एचपीचे कंपनी डेस्कटॉप असतील तर थांबा. त्यांच्या बऱ्याच मॉडेलना 24 पिनाचा कनेक्टरच नसतो, साधा एसएमपीएस बसत नाही, वायरींचे रंग पण वेगळे असू शकतात, तिथं मॉडेल नंबर सांगूनच घ्यायचा.

एसएमपीएसच गेला असेल तर लोकल का ब्रँडेड? लोकल साधारण पाचशे ते आठशेत मिळतो, चांगल्या कंपनीचा दोन-तीन हजारात जातो, आणि हा फरक बघून लोक लोकल उचलतात. डब्यावर 450 वॅट लिहिलंय ते वाचू नका, स्टिकरवर 12 व्होल्टसमोर किती अँपिअर ते वाचा. तिथं 16 असेल तर 12 गुणिले 16 म्हणजे 192 वॅट, बाकीचा आकडा प्रोसेसरच्या काही कामाचा नाही. खऱ्या 450 वॅटच्या एसएमपीएसला तिथं साधारण 34 ते 37 दिसतात. मार्केट यार्डातल्या पेढीवर टॅली आणि प्रिंटर एवढंच काम असेल, ग्राफिक कार्ड नसेल, पीसी जुना असेल तर लोकल चालून जाईल. पण ग्राफिक कार्ड असेल किंवा मशीन दोन-तीन वर्षांचंच असेल तर ब्रँडेडच घ्या, कारण हलका एसएमपीएस मरताना बोर्डाला बरोबर घेऊन जाऊ शकतो. तासगाव-पलूसकडं संध्याकाळी व्होल्टेज पडतं तिथं स्टिकरवर 100-240 लिहिलेला बघा, तो कमी व्होल्टेजला तग धरतो.

बोर्डच गेलाय हे नक्की झालं तर प्रोसेसर कितव्या जनरेशनचा ते बघा, निर्णय त्याच्यावरच आहे. विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला आणि विंडोज 11 ला इंटेलचा साधारण आठव्या जनरेशनपासून पुढचा प्रोसेसर लागतो. आठव्या किंवा त्याच्या पुढचा असेल तर चिप लेव्हल रिपेअर (बोर्डवरचा खराब सुटा भाग तेवढा बदलणं) किंवा बोर्ड बदलणं परवडतं, रॅम, एसएसडी, कॅबिनेट सगळं तसंच राहतं. चौथ्या जनरेशनचा असेल तर त्या बोर्डवर दोन-तीन हजार घालायला माझं मन होत नाही, रिपेअरची गॅरंटी पण बहुतेक महिनाभराचीच मिळते, आणि त्याची जुनी डीडीआर3 रॅम नवीन बोर्डला बसत नाही, त्यापेक्षा रिफर्बिश्ड (वापरलेला, तपासून-दुरुस्त करून विकलेला) आठव्या-नवव्या जनरेशनचा पीसी घेऊन जुनी एसएसडी त्यात घाला. पुराच्या पाण्यात बुडालेला बोर्ड असेल, 2019 ला आणि 2021 ला सांगलीच्या गावभागात असे किती निघाले असतील, तर रिपेअरचा नादच सोडा, धुऊन चालू झाला तरी आतनं गंजत राहतो.

आणि कुठलाही रस्ता धरा, मशीन दुकानात देण्याआधी हार्डडिस्क काढून घरी ठेवा. पॉवरच्या बिघाडात डेटा बहुतेक सुरक्षित असतो, यूएसबीच्या साटा केबलनं दुसऱ्या पीसीला लावली की टॅलीचा फोल्डर कॉपी होतो, म्हणजे 20 तारखेचं जीएसटी रिटर्न तोंडावर आलं असलं तरी दुकानदाराच्या 'उद्या बघू'वर थांबायची वेळ येत नाही आणि तो सांगेल त्या भावाला घाईत हो म्हणावं लागत नाही.