लेट्यूस: थेट वाफ्यात पेरावं की रोपं करून लावावं?

लेट्यूसचं बी बारीक. अर्ध्या सेंटिमीटरहून खोल गेलं, तर उजेडाअभावी रुसून बसतं. थेट वाफ्यात पेरलं की मुळं दुखावत नाहीत, पण मुंग्या, गोगलगायी आणि झारीचं जोरदार पाणी यांतून किती तगेल याचा नेम नाही. विरळणीही आलीच (उपटलेली कोवळी रोपं खाता येतात, एवढं बरं).

ट्रेमधल्या रोपांचा खरा फायदा गरमीत कळतो. माती ३० अंशांपुढे तापली की बहुतेक बी उगवायचं नाव घेत नाही. ट्रे मात्र सावलीत हलवता येतो. तीन-चार आठवड्यांची रोपं संध्याकाळी लावावीत.

गड्डा धरणाऱ्या जातींची मी रोपंच करेन, २५-३० सेंटिमीटर अंतरावर लावायला. सुट्या पानांच्या जातींसाठी एवढा खटाटोप कशाला?