निफेडिपिन, ऊन आणि मकरपुऱ्यातील एक प्रयोगशाळा

वडोदऱ्याच्या मकरपुरा औद्योगिक वसाहतीत औषधांची प्रकाश-स्थिरता तपासून देणारी एक खासगी प्रयोगशाळा आहे. आमच्या लहान कारखान्यातील निफेडिपिन या रक्तदाबावरील औषधाच्या गोळ्यांना पारदर्शक ब्लिस्टर (गोळ्यांची पट्टी) चालेल, तपकिरी लागेल की दोन्ही बाजूंनी ॲल्युमिनियमच घ्यावे लागेल, हे ठरवण्यासाठी मी तिची सेवा दोनदा घेतली. एचपीएलसी (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारे यंत्र) आमच्याकडे आहे, परंतु प्रकाशाची नियंत्रित पेटी नाही, म्हणून बाहेर जावे लागले.

पहिला अहवाल निरुपयोगी ठरला. मिथेनॉलमधील निफेडिपिन दोन ठिकाणी प्रकाश शोषते: २३५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपास उंच शिखर आणि ३५० च्या सुमारास बुटका, पसरट उंचवटा. उंच शिखर मोजायला सोपे, म्हणून प्रयोगशाळेने तेवढेच मोजले आणि औषध जवळपास शाबूत असल्याचे कळवले; आमची एचपीएलसी मात्र वेगळेच सांगत होती. कारण उघड आहे. अतिनील किरणांखाली निफेडिपिनचे डायहायड्रोपायरिडीन वलय (रेणूतील अणूंचे कडे) पायरिडीनमध्ये बदलून नायट्रो-पायरिडीन तयार होते, तर दिवसाच्या उजेडात मुख्यतः नायट्रोसो-पायरिडीन; ही दोन्ही विघटित द्रव्ये २३५ च्या परिसरात स्वतःच प्रकाश शोषत असल्यामुळे गेलेल्या औषधाची जागा तीच भरून काढतात आणि आकडा फारसा हलत नाही. औषधनिर्मितीची परंपरा १९०७ मधील अलेंबिकपर्यंत मागे जाणाऱ्या या शहरात अशी चूक व्हावी, याचे मला वाईट वाटले.

तक्रारीनंतर काम एका अनुभवी विश्लेषक बाईंकडे गेले. त्या मूळच्या रावपुऱ्यातल्या. "काका, एकटे शिखर बघू नका, सगळा आलेख बघा," असे म्हणून त्यांनी २०० ते ४०० नॅनोमीटरचे, ठरावीक अंतराने घेतलेले सगळे आलेख एकावर एक ठेवून दाखवले. ३५० चा उंचवटा पायरीपायरीने खाली उतरत होता. सुरुवातीचे आलेख एकमेकांना एकाच बिंदूत छेदत होते, म्हणजे एका द्रव्याचे ठरावीक प्रमाणात दुसरे होत होते. पुढे तो छेदबिंदू पसरला, तेव्हा विघटित द्रव्याचेही पुढे काहीतरी होऊ लागले असावे, हे त्यांनी न विचारता सांगितले.

या वेळची शिस्तही चोख होती. द्रावणे पिवळ्या दिव्याखाली तपकिरी फ्लास्कमध्ये केली होती, कारण द्रावणातले निफेडिपिन साध्या ट्यूबलाइटखालीही टिकत नाही. क्युव्हेट (मोजणीसाठी द्रावण ठेवायचे छोटे पारदर्शक भांडे) क्वार्ट्झचे होते. साधी काच सुमारे ३०० नॅनोमीटरखालचा प्रकाश स्वतःच गिळते. ॲल्युमिनियमच्या फॉइलमध्ये गुंडाळलेला नमुना त्याच पेटीत शेजारी ठेवल्यामुळे उष्णतेचा परिणाम प्रकाशाच्या माथी मारला गेला नाही. आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे किमान १२ लाख लक्स-तास दृश्य प्रकाश आणि चौरस मीटरला किमान २०० वॉट-तास निकट-अतिनील ऊर्जा दिली होती; त्यातील अतिनील मात्रेचा पुरावा म्हणून, अतिनील किरणांत बदलणाऱ्या क्विनीनच्या द्रावणाचे ४०० नॅनोमीटरवरील वाचनही जोडले होते. पहिल्या अहवालात यातले काहीच नव्हते.

आमच्या प्रश्नाचे उत्तरही मिळाले. पारदर्शक पीव्हीसी बाद झाले. नुसते अतिनील अडवणारे वेष्टनही पुरत नाही, कारण निफेडिपिनला निळा-जांभळा दृश्य प्रकाशसुद्धा बाधतो. त्यामुळे आम्ही ॲल्युमिनियमवर आलो. मात्र गोळ्यांच्या बाबतीत एक अडचण ध्यानात ठेवावी. त्यांचे विघटन मुख्यतः पृष्ठभागावर होते, म्हणून पूर्ण गोळी कुटून विरघळवली की घट किरकोळ दिसते. शिवाय गोळ्यांच्या आवरणातले पांढरे टायटॅनियम डायऑक्साइड नीट गाळले नाही, तर गढूळपणामुळे आलेखाची तळरेषाच वर चढते.

वेष्टनांची प्राथमिक चाळणी करायची असेल, तर ही सेवा जलद असून दरही रास्त आहेत. काम देताना पूर्ण आलेख, अंधारातला नमुना आणि क्विनीनचे वाचन या मागण्या लेखी द्याव्यात. परवान्याच्या कागदपत्रांसाठी एचपीएलसी वेगळी करून घ्यावी, असे त्या बाईंनीच बजावले. उरलेल्या गोळ्या मात्र कचेरीतल्या मुलाने भर दुपारी पारदर्शक पिशवीत घालून माझ्या हाती दिल्या. त्या मी वर्तमानपत्रात गुंडाळून घरी आणल्या.