फ्रेड: राष्ट्राध्यक्षांच्या कारकिर्दीचे दावे तपासण्यासाठी एक सेवा

न्यू जर्सीत स्थायिक झालेले माझे मावसभाऊ अमेरिकी राजकारणाविषयी तळमळीने बोलतात, आणि त्यांच्या प्रत्येक युक्तिवादात रोजगाराचा एखादा आकडा असतो. ते आकडे पडताळण्यासाठी मी दोन वर्षांपासून ‘फ्रेड’ ही आर्थिक आकडेवारीची ऑनलाइन सेवा वापरत आहे. सेंट लुइस येथील फेडरल रिझर्व्ह बँकेने (अमेरिकी मध्यवर्ती बँक-व्यवस्थेतील एका बँकेने) १९९१ मध्ये सुरू केलेली ही सेवा विनामूल्य असून तिच्यात आठ लाखांहून अधिक आकडेमालिका आहेत. मला त्यांतील तीन-चारच लागतात.

तिची खरी उपयुक्तता एका उदाहरणाने सांगतो. २८ जानेवारी २००८ रोजी अमेरिकी संसदेसमोरील (काँग्रेससमोरील) वार्षिक भाषणात तत्कालीन राष्ट्राध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी सलग ५२ महिने रोजगार वाढत असल्याचे सांगितले, आणि ऑगस्ट २००३ पासून सुमारे ८३ लाख रोजगारांची भर पडल्याचे त्यांचे सरकार सांगत होते. फ्रेडवर बिगरशेती रोजगाराची मालिका उघडून कालावधीची पट्टी ऑगस्ट २००३ ते डिसेंबर २००७ अशी ठेवली, तर हा आकडा जवळपास बरोबर निघतो. मात्र पट्टीचे डावे टोक बुश पदावर आले त्या जानेवारी २००१ पर्यंत मागे नेले की भर सुमारे ५७ लाखांवर येते, आणि उजवे टोक त्यांनी पद सोडले त्या जानेवारी २००९ पर्यंत नेले की आठ वर्षांची निव्वळ भर १३ लाखांच्या आसपास उरते. लोकसंख्येशी रोजगाराचे प्रमाण दाखवणारी मालिका तर अधिक बोलकी आहे, कारण ती लोकसंख्येची वाढही हिशेबात घेते: जानेवारी २००१ मध्ये ६४.४ टक्के असलेले प्रमाण डिसेंबर २००७ मध्ये, म्हणजे २००८ चे मोठे आर्थिक संकट कोसळण्याआधीच, ६२.७ टक्के होते.

तरीही १३ लाख हा आकडा बुश यांच्या तोंडावर फेकणे मला अन्यायाचे वाटते. आलेखावरील करडे पट्टे मंदीचा काळ दाखवतात, आणि त्यांतील एक मार्च २००१ मध्ये, म्हणजे त्यांनी सूत्रे घेतल्यावर जेमतेम सहा आठवड्यांनी सुरू होतो. हे पट्टे राष्ट्राध्यक्षांच्या कारकिर्दीनुसार न आखता मंदीनुसार आखले आहेत, ही या सेवेतील मला सर्वांत आवडलेली गोष्ट आहे. मंदीच्या तळापासून मोजले की कोणीही कर्तबगार दिसतो आणि तेजीच्या शिखरापासून मोजले की कोणीही नालायक ठरतो, म्हणून एका शिखरापासून पुढच्या शिखरापर्यंत मोजणेच योग्य.

‘आल्फ्रेड’ ही जोडसेवा जुन्या तारखांना आकडे कसे प्रसिद्ध झाले होते ते दाखवते. ऑगस्ट २००७ मध्ये रोजगार ४,००० ने घटल्याचे प्रथम जाहीर झाले होते, महिन्याभराने तीच नोंद ८९,००० च्या वाढीत बदलली, आणि आजच्या सुधारित मालिकेत त्या उन्हाळ्यात पुन्हा किंचित घट दिसते. म्हणजे ५२ महिन्यांची सलग मालिका आज तशी उरलेली नाही. परंतु बुश त्या दिवशी उपलब्ध असलेल्या आकड्यांवरून बोलत होते, आणि त्यांच्यावर खोटेपणाचा आरोप करण्यापूर्वी हे पाहणे आवश्यक आहे.

उणिवा आहेत, आणि त्यांतील एक गंभीर आहे. आलेखाची उभी अक्ष आपोआप शून्याच्या बरीच वर सुरू होते. जो बायडेन यांच्या काळात, जानेवारी २०२१ ते जानेवारी २०२५ दरम्यान, तेव्हा जाहीर झालेल्या आकड्यांनुसार रोजगार सुमारे १४.३ कोटींवरून १५.९ कोटींवर गेला. ही वाढ साधारण ११ टक्के असली, तरी पडद्यावर रेषा तळापासून माथ्यापर्यंत चढते. शिवाय या १.६ कोटींपैकी ९० लाखांहून अधिक रोजगार कोविड महासाथीत गमावलेले होते, हे फेब्रुवारी २०२० पर्यंत मागे गेल्याशिवाय कळतच नाही. एकक बदलून टक्केवारीतील बदल पाहण्याची सोय आहे, परंतु नवख्या वाचकाला ती सहज सापडत नाही. आकडे ‘हजार व्यक्ती’ या एककात असल्यामुळे लाख-कोटींत मोजणाऱ्या आपल्यासारख्यांची सुरुवातीला गफलत होते. माझीही झाली होती.

आलेखाची लिंक पाठवली की निवडलेल्या तारखा आणि एकक तिच्यासोबतच जातात. बायडेन यांचे १.६ कोटी मावसभावांनी मला मोठ्या विश्वासाने कळवले होते, तेव्हा मी त्यांना फेब्रुवारी २०२० पासूनचा आलेख पाठवला. त्यांचे मत बदलले नाही, परंतु आता ते आकडा कळवताना सुरुवातीचा महिनाही लिहितात.