जुनी टर्बो गाडी ओढत नाही: आधी स्कॅनर की धुराची चाचणी?

गाडी जुनी, चढावर दम टाकते, आणि मालकाला ठरवता येत नाही: गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोषाचे कोड वाचणारा स्कॅनर घ्यावा, की गॅरेजमध्ये धुराची चाचणी (हवेच्या नळ्यांत धूर सोडून गळती शोधणं) करून घ्यावी?

खर्चात स्कॅनर सरस, एकदा घेतला की वर्षानुवर्षं कामाला येतो. मेहनतही नाही, गाडीतल्या ओबीडी-२ पोर्टला (स्कॅनर जोडायच्या ठरावीक सॉकेटला) जोडला की झालं. मात्र १९९६ पूर्वीच्या बहुतेक गाड्यांत ओबीडी-२ पोर्टच नसतो.

अचूकपणाचं वेगळं. पी०२९९ हा कोड एवढंच सांगतो की बूस्ट, म्हणजे टर्बो इंजिनात ढकलतो त्या हवेचा दाब, कमी पडतोय. होज फाटलाय, इंटरकूलर (ही हवा थंड करणारा भाग) गळतोय, वेस्टगेट (टर्बोचा दाब आवरणारी झडप) उघडा अडकलाय की टर्बोच गेलाय, हे त्यातून कळत नाही. कोड बघून थेट टर्बो बदलणं मला फार खटकतं. दोष कधी कधी नुसत्या सैल क्लॅम्पचा असतो. धूर ती जागा डोळ्यांना दाखवतो. पण तो कमी दाबाने सोडतात, त्यामुळे फक्त बूस्टखाली उघडणारी चीर निसटू शकते. तिथे दाबाचीच चाचणी हवी.

इंजिनचा दिवा लागलाय, मिसफायर होतंय (सिलिंडरमध्ये इंधन नीट पेटत नाही) किंवा सेन्सरचा संशय आहे, तर स्कॅनर. ताकद कमी, ॲक्सिलरेटर दाबताच हवेचा फुसफुस आवाज आणि दिवा बंद, तर आधी धूर.