टॅकोमा आणि एफ-१५०: ओहायोचा एक हिवाळा काढल्यानंतर

दारात सध्या दोन पिकअप उभ्या आहेत. टोयोटा टॅकोमा २०१९ ची, ३.५ लिटर व्ही-६. आणि गेल्या हिवाळ्याच्या तोंडावर सेकंडहँड घेतलेली फोर्ड एफ-१५०, २०२३ चं मॉडेल, २.७ लिटर टर्बो. भाड्याने दिलेल्या घराची डागडुजी मीच करतो, त्यामुळे ड्रायवॉल, लाकूड, राडारोडा यांची ने-आण कायमची. ‘जपानीच घे, अमेरिकन गाड्या दोन वर्षांत खुळखुळा होतात’ हा सल्ला ओहायोतल्या कोलंबसच्या प्रत्येक मराठी घरात फुकट मिळतो. मलाही मिळाला.

कामाच्या सोयींत एफ-१५० कितीतरी पुढे आहे. मागचा फळका पाडला की त्यावर फुटपट्टी कोरलेली, क्लॅम्प अडकवायला खाचा, पेन्सिल ठेवायला खोबण. प्लायवूड तिथेच मापायचं, तिथेच कापायचं. बेडमध्ये (मागच्या उघड्या हौद्यात) २ किलोवॅटचे प्लग आहेत (हा पर्याय सगळ्या गाड्यांत नसतो, बघून घ्या). टॅकोमातही प्लग आहे, पण ४०० वॅटचा. त्यावर ड्रिलची बॅटरी चार्ज होते, करवत चालत नाही. गणपतीत मंडळाचं मखर घेऊन गेलो तेव्हा मोदकांचे दोन इलेक्ट्रिक स्टीमर पार्किंगमध्ये या ट्रकवरच लावले. त्यानंतर बायकोचा गाडीला असलेला विरोध मावळला.

टॅकोमात तळ उंच आणि छत खाली, त्यामुळे पाय लांब करून बसावं लागतं. २०१९ पर्यंतच्या मॉडेलात ड्रायव्हरची सीट वर-खाली करायची सोयच नाही. मागे अजून ड्रम ब्रेक. पण बेड कंपोझिटचा (फायबर घातलेल्या प्लास्टिकचा) आहे, म्हणजे गंज नाही आणि सहसा पोचेही नाहीत. फोर्डचा बेड २०१५ पासून ॲल्युमिनियमचा आहे, त्यात लायनर घालाच. आणि लांबी! टॅकोमा पावणेअठरा फूट, एफ-१५० सव्वाएकोणीस. वीस फुटी गॅरेजमध्ये ती शिरते, पण मग पुढे लॉनमोअरला जागा राहत नाही. आईला मात्र दोन्हीत चढायला स्टूल लागतं.

आता टिकाऊपणा. माझ्या दोन्ही गाड्यांनी अजून त्रास दिलेला नाही, पण एका घरावरून काही सिद्ध होत नाही. जाहीर नोंदी जास्त बोलक्या आहेत. इथे हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात आणि ते चासी, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा, खातं. टोयोटाच्या जुन्या टॅकोमांची चासी इतकी कुजली की २००८ मध्ये कंपनीला गाड्या परत विकत घ्याव्या लागल्या. पुढे २०१६ मध्ये नंतरच्या मॉडेलांसाठी सुमारे ३.४ अब्ज डॉलरची तडजोड झाली. ॲल्युमिनियमची बॉडी लालसर गंजत नाही हे खरं, पण एफ-१५० ची चासीही पोलादीच आहे.

इंजिनाचं म्हणाल तर २०२४ मध्ये टोयोटाने टुंड्रा या आपल्या मोठ्या पिकअपच्या नव्या टर्बो व्ही-६ साठी सुमारे एक लाख गाड्या परत बोलावल्या, कारण मशिनिंगचा कीस इंजिनात राहून बेअरिंग खराब होत होते. त्याच वर्षी फोर्डने २.७ आणि ३.० टर्बोच्या ठिसूळ इनटेक व्हॉल्व्हसाठी सुमारे ९० हजार बोलावल्या, त्यात २०२१-२२ च्या एफ-१५० होत्या. २०२५ मध्ये जनरल मोटर्सच्या ६.२ लिटर व्ही-८ ची पाळी आली, अमेरिकेतच सुमारे सहा लाख. टॅकोमाचं नाव झालं ते टर्बो नसलेल्या, सरळसाध्या इंजिनांच्या जिवावर. २०२४ पासून तीही २.४ टर्बोवर गेली आहे. जुन्या पुण्याईवर नव्या इंजिनाला जास्तीचे पैसे मी तरी देणार नाही.

आणि ‘जपानी’ तरी कशाला म्हणायचं? १९६४ पासून आयात हलक्या ट्रकवर २५ टक्के कर आहे, म्हणून हे ट्रक इकडे उत्तर अमेरिकेतच बनतात. टुंड्रा सॅन अँटोनियोत, होंडाची रिजलाइन अलाबामात, टॅकोमा आता मेक्सिकोत. सांगलीचा मामेभाऊ टोयोटाच्याच हायलक्स पिकअपबद्दल विचारतो. ती भारतात २०२२ पासून मिळते, इथे मिळतच नाही.

जुनी टॅकोमा बघत असाल तर किंमत ऐकून दचकू नका, आधी गाडी लिफ्टवर चढवा. मागच्या पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) आसपास चासी हातोडीने ठोका. खणखणीत आवाज आला तर ठीक, बदबद आला की निघा. नुकताच काळा रंग मारलेला दिसला तर दोनदा ठोका.